अटलांटा की डॅलस? घराच्या पायापासून मांडलेला हिशेब

न्यू जर्सीतून दक्षिणेकडे स्थलांतर करू पाहणाऱ्या एका मराठी दांपत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोघांच्याही कंपन्यांची कार्यालये अटलांटा आणि डॅलस या दोन्ही शहरांत आहेत, दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न सुमारे अडीच लाख डॉलर आहे, ग्रीन कार्ड हाती आले आहे, मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत आहे, घरासाठी साडेपाच लाख डॉलरपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे आणि दरवर्षी चार-पाच महिने आई-बाबा राहायला येतात, तर या दोहोंपैकी कोणत्या शहरात घर करावे?

मी स्थापत्य अभियंता असून गेली २२ वर्षे होम इन्स्पेक्टर म्हणून काम करतो. त्यांपैकी पहिली नऊ वर्षे अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरांत गेली आणि पुढची तेरा डॅलसच्या उत्तरेस. त्यामुळे शहराकडे पाहताना माझी नजर आधी घराच्या पायाकडे जाते आणि मग वर सरकते, हे मी सुरुवातीलाच सांगतो. नोकऱ्या, शाळा आणि हवामान यांची चौकशी प्रत्येक कुटुंब करते. पण त्या शहरातील घर दरवर्षी किती पैसे मागेल आणि कोणती काळजी कायमची मागे लावेल, याची चौकशी फारच थोडे लोक करतात. सहा महिन्यांनी पश्चात्ताप करणारी जी कुटुंबे मला भेटली, त्यांतील बहुतेकांनी जाहिरातीतील किमतीलाच घराची किंमत मानले होते.

आधी आकारमान लक्षात घ्यावे. २०२० च्या जनगणनेनुसार डॅलस शहराची लोकसंख्या सुमारे तेरा लाख आणि अटलांटा शहराची पाच लाखांच्या किंचित आत होती; परंतु उपनगरांसह पाहिले तर डॅलस-फोर्ट वर्थ परिसर ऐंशी लाखांच्या पुढे गेला आहे आणि अटलांटा परिसर साठ लाखांच्या पुढे. तुम्ही मूळ शहरात राहण्याची शक्यता कमीच आहे. मुले असलेली आपली कुटुंबे डॅलसकडे फ्रिस्को, प्लेनो, प्रॉस्पर, कॉपेल या भागांत आणि अटलांटाकडे आल्फरेटा, जॉन्स क्रीक व फोर्साइथ काउंटीत स्थिरावतात. फ्रिस्कोची वस्ती २००० साली ३३,७१४ होती, ती २०२० मध्ये २,००,५०९ झाली. फोर्साइथ काउंटी याच काळात ९८,४०७ वरून २,५१,२८३ वर गेली. म्हणजे या दोन्ही ठिकाणी तुम्हाला दिसणारी बहुतेक घरे पंचवीस वर्षांच्या आतली असतील आणि ती बाहेरून सारखीच नीटनेटकी दिसतील. फरक जमिनीत आहे.

डॅलसच्या पूर्व आणि उत्तर भागातून ब्लॅकलँड प्रेअरी नावाचा काळ्या मातीचा पट्टा जातो. माझे बालपण यवतमाळकडचे असल्यामुळे ती माती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती परकी वाटली नाही. आपल्या काळ्या कसदार रानासारखीच ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. एकेकाळी या पट्ट्यातही कापूसच पिकत असे. कापसाला मानवणारी ही चिकणमाती घराच्या पायाला मात्र मानवत नाही. डॅलसकडील घरे तळघराशिवाय, जमिनीवर ओतलेल्या काँक्रीटच्या एकसंध लादीवर उभी असतात. नव्या घरांत त्या लादीत ताणलेल्या पोलादी तारा असतात. लादीच्या एका बाजूची माती ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली, की लादी वाकते, दारांच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात आणि ऑगस्टमध्ये शयनगृहाचे दार चौकटीत बसेनासे होते. माझ्या स्वतःच्या पहिल्या डॅलसच्या घरात नेमके हेच झाले, कारण अटलांटाच्या सवयीने मी उन्हाळ्यात पायाभोवतीच्या मातीकडे लक्षच दिले नव्हते. येथील जाणते लोक उन्हाळ्यात घराभोवती झिरपणाऱ्या नळ्या पसरून, आपण ठिबक लावतो त्याप्रमाणे, पायालगतची माती सारखी ओलसर ठेवतात. पाया सावरण्यासाठी खांब घालण्याची वेळ आली तर खर्च काही हजारांपासून काही दशसहस्र डॉलरपर्यंत जातो आणि सर्वसाधारण गृहविमा मातीच्या हालचालीने झालेले असे नुकसान भरून देत नाही.

दुसरी गोष्ट गारपिटीची. मार्च ते जून या काळात उत्तर टेक्सासमध्ये लिंबाएवढ्या, कधी त्याहून मोठ्या गारा पडतात आणि एका दुपारीत संपूर्ण वसाहतीची छपरे निकामी होतात. यामुळेच तेथील गृहविमा महाग आहे. मी पाहिलेल्या पॉलिसींमध्ये सारख्या घरासाठी डॅलसचा हप्ता अटलांटाच्या जवळजवळ दुप्पट असतो. हप्त्याहूनही डिडक्टिबलचे, म्हणजे दाव्यातील आपण स्वतः भरायच्या हिश्श्याचे, कलम नीट वाचावे. वारा आणि गारांसाठी ते ठरावीक रकमेऐवजी घराच्या विमामूल्याच्या एक किंवा दोन टक्के असते. पाच लाखांचा विमा आणि दोन टक्के डिडक्टिबल म्हणजे छपराच्या प्रत्येक दाव्यात पहिले दहा हजार डॉलर तुमच्या खिशातून जाणार. गारपीट झाल्यानंतर दारोदार फिरणारा एखादा छपरे दुरुस्त करणारा ठेकेदार ‘डिडक्टिबल आम्ही सांभाळून घेऊ’ असे म्हणाला तर त्याला तेथूनच परत पाठवावे, कारण सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासच्या कायद्याने तसे करणे गुन्हा ठरवले आहे आणि विमा कंपनी तुमच्याकडे रक्कम भरल्याचा पुरावा मागू शकते.

अटलांटाची माती तांबडी आहे. लोहामुळे आलेला तो रंग कोकणातून आलेल्या माणसाला ओळखीचा वाटतो आणि ती डॅलसच्या मातीइतकी फुगत-आकसत नाही, म्हणून पायाची चिंता तेथे बरीच कमी असते. तेथील चिंता पाण्याची आहे. जमीन उंचसखल आहे, वर्षाला सुमारे पन्नास इंच पाऊस पडतो आणि पुष्कळ घरे उतारावर, तळघरासह बांधलेली असतात. उताराचे पाणी घराच्या मागच्या भिंतीकडे येत असेल आणि ते वळवण्याची सोय नसेल, तर तळघरात ओल येते, गालिच्याखाली बुरशी धरते आणि विक्रीच्या आधी नवा रंग देऊन ती झाकलेली असते. वाळवी हा दुसरा नेहमीचा विषय. तेथे घर विकताना ‘टर्माइट बॉन्ड’, म्हणजे वाळवी प्रतिबंधक कंपनीशी केलेला वार्षिक करार, चालू आहे का आणि तो नव्या मालकाच्या नावे होतो का, हे विचारणे रूढ आहे. फुल्टन, ग्विनेट, डीकॅब आणि कॉब या चार काउंट्या संघीय पर्यावरण संस्थेच्या नकाशात रेडॉन वायूच्या सर्वाधिक जोखमीच्या गटात येतात, कारण खाली ग्रॅनाइट आहे. रेडॉनला रंग नाही, वास नाही, आणि तो फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरतो. तुमचे आई-बाबा तळघरातील खोलीत राहणार असतील तर ही चाचणी अजिबात टाळू नये. प्रमाण हवेच्या दर लिटरमागे चार पिकोक्युरीच्या (हे किरणोत्साराचे एकक) वर आले तरी घाबरून घर सोडण्याचे कारण नसते, पंखा आणि नळी बसवून ते कमी करता येते.

तळघराविषयी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. उतारावरच्या घराचे तळघर मागच्या अंगणात थेट उघडते. त्यात एक शयनगृह, न्हाणीघर आणि स्वयंपाकाचा छोटासा ओटा करून घेतला, की वडीलधाऱ्यांना स्वतःची, शांत आणि जिन्यावाचून बाहेर पडता येईल अशी जागा मिळते. अटलांटात कित्येक मराठी घरांत मी अशी व्यवस्था पाहिली आहे आणि त्या घरांतील आई-बाबांचा मुक्काम सुखाचा होतो, हेही पाहिले आहे. डॅलसच्या घरात खालच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली मिळते, पण हे स्वातंत्र्य मिळत नाही. शिवाय टोर्नेडोचा, म्हणजे जमिनीवरून फिरत येणाऱ्या विध्वंसक वावटळीचा, भोंगा वाजला की आसऱ्याला जिन्याखालची जागाच उरते.

आता पैशांचा हिशेब. ‘टेक्सासमध्ये प्राप्तिकर नाही’ हे वाक्य खरे आहे, पण अपुरे आहे. जॉर्जियाचा प्राप्तिकर २०२५ या वर्षासाठी सरसकट ५.१९ टक्के होता. तुमच्या अडीच लाखांतून पती-पत्नींची २४,००० ची प्रमाणित वजावट आणि दोन मुलांचे प्रत्येकी ४,००० वजा केले तर उरलेल्या २,१८,००० वर त्या दराने सुमारे ११,३०० डॉलर कर बसेल. साडेपाच लाखांच्या घरावर फोर्साइथमध्ये मालमत्ता कर ढोबळमानाने एक टक्का, म्हणजे ५,५०० धरावा. दोन्ही मिळून सुमारे १६,८०० झाले. टेक्सासमध्ये शाळेच्या करासाठी राहत्या घराच्या मूल्यातून १,४०,००० डॉलर वगळले जातात, ही सवलत नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदारांनी मंजूर केली. ती धरून फ्रिस्कोसारख्या गावात त्याच किमतीच्या घरावर साधारण ७,५०० डॉलर पडतील. विम्याचे वाढीव २,००० आणि पाया व छपरासाठी बाजूला ठेवावेत असे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो ते वर्षाचे १,५०० मिळवले, की ११,००० होतात. म्हणजे डॅलसमध्ये तुमची बचत वर्षाला सुमारे ५,८०० डॉलरची आहे, ११,३०० ची नव्हे. उत्पन्न याहून बरेच अधिक असेल, किंवा घर विकत न घेता भाड्याने राहायचे असेल, तर टेक्सासचा फायदा झपाट्याने वाढतो. उत्पन्न मध्यम आणि घर मोठे असेल तर तो जवळजवळ नाहीसा होतो.

या हिशेबात दोन खाचखळगे आहेत. डॅलसच्या उत्तरेकडील अगदी नव्या वसाहतींत रस्ते आणि जलवाहिन्यांसाठी काढलेल्या कर्जाचा वेगळा जिल्हाकर असतो. विक्रेत्याच्या पत्रकात ‘मड’ किंवा ‘पिड’ असे शब्द दिसले तर वर्षाला आणखी काही हजार धरावेत. आणि नवे घर घेतल्यास पहिल्या वर्षीच्या कमी कराला भुलू नये. कर १ जानेवारीच्या स्थितीवर ठरतो; त्या दिवशी तेथे रिकामा प्लॉट असेल तर पहिले बिल फक्त जमिनीचे येते, आणि पुढच्या वर्षी पूर्ण घराचे बिल आले की बँक मागची तूट आणि पुढची तरतूद दोन्ही जोडून मासिक हप्ता शेकडो डॉलरनी वाढवते. एका तरुण जोडप्याला मी या धक्क्याने घर विकताना पाहिले आहे, आणि त्यांना आधी कोणीतरी हे सांगायला हवे होते असे मला आजही वाटते.

तुमच्या बाबतीत तराजूच्या दुसऱ्या पारड्यात मुलांचे महाविद्यालयीन शिक्षण आहे. जॉर्जियात १९९३ पासून राज्य लॉटरीच्या उत्पन्नातून होप शिष्यवृत्ती दिली जाते. राज्याचा रहिवासी असलेल्या, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक विद्यार्थ्याने शाळेत ४ पैकी ३.० ची सरासरी राखली तर जॉर्जियातील सरकारी विद्यापीठांचे शिक्षणशुल्क तीतून भरले जाते, आणि जॉर्जिया टेक हे त्यांतलेच एक आहे. राहण्या-जेवणाचा खर्च आणि इतर फी तुमच्याकडेच राहते. जॉर्जिया टेकचे रहिवाशांसाठीचे शुल्क वर्षाला सुमारे दहा हजार डॉलर धरले, तर दोन मुलांची आठ वर्षे म्हणजे ८०,००० डॉलर झाले. मुलगा पदवीधर होईपर्यंत तेरा वर्षे आहेत; डॅलसची वरची बचत तेरा वर्षांत सुमारे ७५,००० होते. दोन्ही आकडे एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात. अर्थात मुले दोन्हीकडे राज्यातच शिकतील आणि महाविद्यालयातही सरासरी टिकवतील, असे यात गृहीत आहे. ज्यांचा व्हिसा अजून एच-१बी आहे त्यांच्या मुलांना होप मिळत नाही, म्हणून त्यांनी हा भाग आपल्या हिशेबातून वगळावा.

प्रवेशाच्या बाबतीत टेक्सासचा नियम वेगळा आहे. १९९७ च्या कायद्याने प्रत्येक शाळेतील वरच्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठासाठी मात्र ही मर्यादा २०२६ च्या प्रवेशापासून पाच टक्के झाली आहे. फ्रिस्को आणि प्लेनोच्या शाळांत अभ्यासू मुलांची एवढी गर्दी आहे, की तेथे पाच टक्क्यांत येण्यासाठी नववीपासूनच मुले स्वतःला पिळून काढतात. तुमची मुलगी पुढच्या वर्षी नववीत जाईल. हा ताण तिच्या स्वभावाला सोसेल का, हे तिच्याशी बोलून ठरवावे.

रोजच्या प्रवासात डॅलस सरस आहे. सपाट जमिनीवर चौकटीसारखे रस्ते आखता येतात, एक मार्ग तुंबला तर दुसरा सापडतो. मात्र त्यांपैकी अनेक महामार्गांवर टोल आहे आणि रोज जाणाऱ्याला त्याचे महिन्याचे बिल जाणवते. अटलांटात रस्ते टेकड्यांच्या धारेने वळणे घेत जातात, चॅटाहूची नदीवर पूल मोजके आहेत, आणि फोर्साइथहून दक्षिणेकडे जाणाऱ्या सगळ्यांचा भार जॉर्जिया ४०० या एका मार्गावर येतो. मार्टा रेल्वे उत्तरेकडे नॉर्थ स्प्रिंग्जपर्यंतच जाते; ग्विनेट काउंटीच्या मतदारांनी २०१९, २०२० आणि २०२४ असे तीनदा सार्वजनिक वाहतुकीच्या विस्तारासाठी कर द्यायला नकार दिला. डॅलसची डार्ट रेल्वे प्लेनोपर्यंत आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेनोहून विमानतळाला जोडणारी सिल्व्हर लाइन सुरू झाली, पण फ्रिस्को डार्ट या वाहतूक यंत्रणेचा सदस्यच नाही, म्हणून तेथे ती जात नाही. आई-बाबांना आणायला-सोडायला डॅलसचा विमानतळ उत्तरेकडील उपनगरांपासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे; अटलांटाचा जगातील सर्वाधिक वर्दळीचा विमानतळ शहराच्या दक्षिण टोकाला आहे आणि फोर्साइथहून तेथे जाताना संध्याकाळी दीड तास सहज जातो.

हवेबद्दल थोडक्यात. २०११ च्या उन्हाळ्यात डॅलसचा पारा ७१ दिवस शंभर अंश फॅरनहाइटला पोहोचला किंवा त्यापुढे गेला. नेहमीचा उन्हाळा इतका कडक नसतो, तरी जुलै-ऑगस्टमध्ये मुले दुपारी घरातच असतात. अटलांटा समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, झाडी दाट आहे आणि दोन तासांत डोंगर गाठता येतात. मात्र मार्चअखेर पाइनचे पिवळे पराग गाड्यांवर हळदीसारखे साचतात. घरात कोणाला दमा असेल तर हे हलक्यात घेऊ नये. विजेच्या बाबतीत मी अटलांटाकडे झुकतो. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासची वीजव्यवस्था कोलमडली, दोनशेहून अधिक माणसे गेली आणि आमच्या घरात तीन दिवस शेगडीवर बर्फ वितळवून पाणी केले. त्यानंतर वीजकेंद्रांना थंडीची तयारी कायद्याने सक्तीची झाली आहे, पण राज्याचे जाळे शेजारच्या राज्यांपासून बव्हंशी तुटलेले आहे ते तसेच आहे. अटलांटातही जानेवारी २०१४ मध्ये दोन-अडीच इंच बर्फाने हजारो लोक रात्रभर रस्त्यांवर अडकले होते; तेथे असा अंदाज आला की दुपारीच घरी यावे.

मराठीपणाची काळजी करू नका. दोन्हीकडे महाराष्ट्र मंडळ, गणेशोत्सव आणि मुलांसाठी मराठी शाळा आहेत; बृहन्महाराष्ट्र मंडळाचे २०१९ चे अधिवेशन डॅलसमध्येच भरले होते. संख्येने डॅलस मोठे आहे, तर अटलांटात ओळखी लवकर घट्ट होतात असा माझा अनुभव आहे.

माझे मत असे. पैशांची बाजू समान निघत असल्यामुळे निर्णय नोकरीच्या स्थैर्यावर आणि आई-बाबांवर सोडावा. दोघांपैकी एकाची जरी नोकरी डळमळीत असेल तर डॅलस घ्यावे, कारण बँका, दूरसंचार, विमानसेवा आणि वाहननिर्मिती अशा अनेक क्षेत्रांची मोठी कार्यालये तेथे पाऊण तासाच्या आत आहेत आणि घर न बदलता नोकरी बदलता येते. दोघांच्याही नोकऱ्या पक्क्या असतील आणि कार्यालय आल्फरेटात किंवा पेरिमिटरच्या (शहराभोवतीच्या वर्तुळाकार महामार्गाच्या) उत्तरेला असेल, तर मी तुम्हाला अटलांटा सुचवेन: तळघर असलेले, मागे उघडणारे घर, फोर्साइथच्या दक्षिण भागात किंवा जॉन्स क्रीकमध्ये. कार्यालय शहराच्या मध्यभागी, मिडटाउनमध्ये असून रोज जावे लागणार असेल तर हे मत मी मागे घेतो.

घर पाहायला डॅलसला ऑगस्टअखेर जा, तेव्हा मातीने जे लपवलेले असते ते भिंतींवर दिसते. आणि अटलांटाला मोठा पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन तळघराच्या मागच्या भिंतीला हात लावून पाहा. टेक्सासमध्ये होम इन्स्पेक्टरला राज्याचा परवाना असतो, तो तपासता येतो. जॉर्जियात असा परवाना लागतच नाही, म्हणून तेथे तपासनीस विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला नको, तुम्ही स्वतः त्याचे जुने अहवाल मागवून निवडलेला असावा. दोन्हीकडे करारात तपासणीसाठी ठरावीक दिवसांची मुदत मिळते. ती किमान आठ दिवसांची मागून घ्या, म्हणजे रेडॉनची ४८ तासांची चाचणी आणि पायाच्या पातळीची मोजणी तीत बसू शकेल.